आडमुठा मालक बरा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आजचा जाहीर विषय ‘मुंबईचं पाणी’. पण आल्या आल्या हातात चिठ्ठी पडली: ‘बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान महापालिकेकडे दिलं तर बिघडलं कुठे?’ मला जिथे जायचं होतं, तिथली वाट तुम्हीच काढून दिलीत. (हशा)

१०४ चौरस किलोमीटर, बिबटे, अतिक्रमणं, ती हटवण्याचा १९९७चा उच्च न्यायालयाचा आदेश, हे बोरिवलीकरांना सांगायला नको. मी पाण्यावरूनच येतो. उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांत गेलात की आधी पायाखाली बघा. कातळात पन्हळी कोरल्या आहेत. पावसाचं पाणी त्यांतून वळत वळत पोढीत, म्हणजे कातळातल्या टाक्यात उतरतं. लेण्यालेण्यापाशी पोढी! शिलालेखांत कल्याणचे, सोपाऱ्याचे दाते भेटतात. कुणी लेणं दिलं, कुणी पोढी. भर उन्हाळ्यात तिथं पोढीत वाकून पाहिलं की वाटतं, इथं राहणाऱ्या भिक्खूंना आपल्या जलखात्यात... असो, अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. (हशा)

त्याच डोंगरांचं पाणी अडवून १८६०मध्ये विहार तलाव झाला, १८७९मध्ये तुळशी. तलाव पालिकेचे, पाणलोटातलं जंगल वनखात्याचं, लेणी पुरातत्त्व खात्याची. तिघांचं आपसात पटत नाही, म्हणून जंगल टिकलं.

वनखातं संत नाही. बाहेर पकडलेले बिबटे इथं आणून सोडायचा उद्योग त्यांचाच होता. पण उद्यानाची हद्द बदलायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. फाईल दिल्लीपर्यंत फिरते. फिरू दे! वॉर्डातल्या नगरसेवकाला पाच वर्षांत रस्ता, पार्किंग, सुशोभीकरण दाखवायचं असतं. त्याच्या हाती जंगल दिलं की पहिल्या पावसाआधी पेव्हर ब्लॉक. २०१९मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेतली २,६४६ झाडं तोडायला आणि हलवायला मंजुरी कुणी दिली? पालिकेच्याच वृक्ष प्राधिकरणानं. ती मंजुरी उचलून धरणारा उच्च न्यायालयाचा निकाल आला त्याच रात्री करवती सुरू झाल्या.

(श्रोत्यांतून: मग लोकशाही नको का?)

हवी हो! मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. तिथं बांबू कधी तोडायचा हे ग्रामसभा ठरवते, आणि जंगल गेलं तर चूल तिचीच विझते. उद्यानातल्या पाड्यांवरच्या लोकांचं ऐका, मी त्यांच्या बाजूनं आहे. पण आपल्या मुंबईची चूल कुठल्या जंगलावर पेटते? आपल्याला जंगल लागतं ते रविवारी सकाळी फिरायला आणि जाहिरातीत ‘वनराईचं दर्शन देणारा फ्लॅट’ म्हणून विकायला. अशा मतदारांच्या प्रतिनिधीवर मी जंगल सोपवणार नाही. मीही त्याच मतदारांतला आहे, म्हणून बोलतो.

मुंबईच्या पाण्यातलं भातसा-वैतरणा राहिलंच. अध्यक्ष उठलेच आहेत. त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा मला बोलवावं लागेल. (हशा, टाळ्या)