अकाली गेलेल्या अंध मित्राचे स्मरण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवात मृतांच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेतील भाषण)



महोत्सवाच्या ह्या आनंदात आपण एक संध्याकाळ आपल्या मृतांसाठी राखून ठेविली, हे फार योग्य झाले. ज्यांच्या श्रमांनी व प्रार्थनांनी हे मंदिर उभे राहिले, त्यांची नावे आताच वाचण्यात आली. त्यांतील शेवटचे नाव आपल्या एका तरुण अंध मित्राचे होते. त्याच्याविषयी चार शब्द बोलावे, अशी माझी इच्छा आहे.

त्याच्या मातीच्या वेळी मी पुष्कळांच्या तोंडून एकच उद्गार ऐकिला : “सुटला बिचारा !” हा उद्गार दयेचा आहे, हे मी जाणतो. परंतु मरणाने जो सुटला असे आपण म्हणतो, त्याचे जगणे आपण केवळ बंधन मानिले होते, असा त्याचा अर्थ होतो. हे खरे होते काय ? वर्षभराची सारी गीते त्यास मुखोद्गत होती. पावलांच्या आवाजावरून तो माणूस ओळखी. मिस्सा संपली म्हणजे मजजवळ येऊन तो हळूच सांगे, “फादर, आज नदीपलीकडल्या घरचा आवाज नव्हता.” मी जाऊन पाहावे, तो तेथे कोणी तरी हिवतापाने अंथरुणास खिळलेले असावे. डोळस मंडळींच्या जे ध्यानात येत नसे, ते त्याच्या कानांस कळे. तेव्हा तो सुटला असे न म्हणता, आपण एका पहारेकऱ्यास मुकलो, असे म्हणणेच यथार्थ होईल.

आपल्या विदर्भाने असा वियोग पूर्वीही सोसलेला आहे. अमरावती जिल्ह्यातील माधान गावचे गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले. अवघ्या काही महिन्यांचे असतानाच त्यांची दृष्टी गेली, व आईही बालपणीच गेली. शेतकऱ्याच्या घरचा हा मुलगा दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेई, ऐकलेले स्मरणात साठवी आणि रचलेले दुसऱ्यांकडून लिहवून घेई. मराठी, संस्कृत व हिंदी मिळून त्यांची ग्रंथरचना शंभराहून अधिक भरते. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय ३४ वर्षांचे होते. त्यांचा धर्ममार्ग आपल्याहून निराळा होता. परंतु त्यांच्या भोवतीच्या माणसांनी आपले डोळे त्यांस उसने दिले, आणि त्यांच्या पश्चात त्यांचे शब्द जपले. शोक कसा करावा, ह्याचा हा धडा कोणीही घ्यावा असाच आहे.

दुसरे उदाहरण आपल्याच धर्मकुटुंबातील आहे. फ्रान्समधील कूव्रे गावचा लुई ब्रेल हा खोगिरे करणाऱ्या कारागिराचा मुलगा. तिसऱ्या वर्षी बापाच्या कारखान्यातील अणकुचीदार हत्यार डोळ्यास लागून तो पुढे पूर्ण अंध झाला. त्यास प्रथम शिकविले ते गावच्या धर्मगुरूंनी. पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, त्याने सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. पुढे तो शिक्षक झाला, व पॅरिसच्या मंदिरात ऑर्गनही वाजवू लागला. ६ जानेवारी १८५२ रोजी, वयाची ४३ वर्षे पुरी होऊन दोनच दिवस झाले असता, तो क्षयाने वारला. त्याच्या हयातीत ह्या लिपीस शाळेतही विरोध झाला होता. परंतु विद्यार्थ्यांनी ती सोडिली नाही. इपोलीत कोल्ता नामक मित्राने त्याचे चरित्र लिहून ठेविले. १८५४ मध्ये फ्रान्समध्ये ती लिपी मान्य झाली. आज अंध मुले मराठी वाचतात, तीही त्याच सहा ठिपक्यांनी.

बंधुभगिनींनो, जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी प्रभूस विचारिले की, हे कोणाच्या पापाचे फळ ? प्रभूने तो प्रश्नच मोडून काढिला, हे आपण योहानाच्या शुभवर्तमानात वाचतो. आपण मात्र तो प्रश्न अजून मनात बाळगतो, आणि म्हणूनच अंध मूल पडवीच्या कोपऱ्यात बसून राहते. त्यास खाऊ घालितो, परंतु त्याच्याशी बोलत नाही. त्याची कीव करितो, परंतु त्यास काही काम सांगत नाही.

आपल्या मित्राचे स्मारक करावे, अशी सूचना काहींनी केली आहे. दगडाची पाटी बसवावयाची असेल, तर अवश्य बसवावी. परंतु तत्पूर्वी आपल्या पाड्यांत अंध मूल कोणाच्या घरी आहे, ह्याचा शोध घ्यावा. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ आनंदवनात, अंध मुलांची शाळा आहे. अशा शाळेपर्यंत त्या मुलास पोहोचविण्याचे काम कोणी तरी अंगावर घ्यावे. ज्याचे वय शाळेचे राहिले नाही, त्याच्याजवळ बसून ज्यास वाचता येते त्याने रोज थोडे वाचून दाखवावे. आणि पुढील रविवारी मिस्सा संपल्यावर कोणाचा आवाज आला नाही, हे आपल्यापैकी कोणी तरी मला येऊन सांगावे. ते काम सध्या रिकामे पडले आहे.

दयाघन प्रभू आपल्या ह्या मित्रास आपल्या मुखाचे दर्शन देवो, आणि आपणांस ऐकावयास शिकवो. आमेन.