लिव्हरचा रिपोर्ट बिघडला, पण दुखणे किडनीचे
(आरोग्यसेवक आणि सेविकांच्या तिमाही बैठकीतील भाषणाचा मजकूर)



पाड्यावर एखाद्याचा ‘लिव्हर खराब’ असा रिपोर्ट आला की काय होते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहता. पुरुष असेल तर दारूचा शिक्का बसतो, नाहीतर काविळीचे औषध देणाऱ्याकडे नेतात. पुष्कळदा दारू किंवा कावीळ हेच कारण असतेही. पण आज मी एका वेगळ्या कारणाबद्दल बोलणार आहे. ते क्वचित दिसते, पण ओळखले नाही तर माणूस हातचा जातो.

१९६१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. मॉरिस स्टॉफर यांनी ही गोष्ट नोंदवली. काही रुग्णांच्या किडनीत कॅन्सरची गाठ होती. यकृतात कॅन्सर पसरलेला नव्हता, तरी यकृताच्या चाचण्या बिघडल्या होत्या. आज याला स्टॉफर सिंड्रोम म्हणतात. शेजारच्या घरात ओली लाकडे पेटवली की आपले डोळे चुरचुरतात, तसेच काहीसे हे आहे. गाठीतून काही द्रव्ये रक्तात सुटतात, त्यात इंटरल्युकिन-६ वर मुख्य संशय आहे, आणि त्यांचा त्रास यकृताला होतो. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढते, रक्त गोठायला वेळ लागतो, कधी यकृत आणि पाणथरी सुजते. डोळे मात्र बहुधा पिवळे होत नाहीत. म्हणून तर हे पटकन लक्षात येत नाही.

यात दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला म्हणजे ताप, वजन घटणे आणि बिघडलेला रिपोर्ट पाहून उपचार यकृताचेच चालू राहतात आणि किडनीकडे कोणी बघतच नाही. दुसरा मला जास्त घातक वाटतो. किडनीत गाठ सापडलेली असते, मग यकृताचा रिपोर्ट येतो आणि घरचे म्हणतात, “आता लिव्हरलाही लागलंय, घरी घेऊन चला.” तिथे तुम्ही त्यांना थांबवायचे. कॅन्सर पसरला की नाही हे एका रक्ताच्या रिपोर्टवरून ठरत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. पसरलेला नसेल आणि गाठ असलेली किडनी काढली, तर बहुतेकांच्या चाचण्या पुढे आपोआप सुधारतात. दुसरी किडनी चांगली असेल तर माणूस एका किडनीवर जगतो, कामही करतो.

खोटी आशा मात्र देऊ नका. कॅन्सर खरोखर यकृतात किंवा हाडांत पसरला असेल तरीही अल्कलाइन फॉस्फेटेज वाढते. आणि टीबीच्या गोळ्या, हिपॅटायटिस, दारू, जडीबुटी ही कारणे तपासून बाजूला काढल्याशिवाय डॉक्टर स्टॉफरचे नाव घेत नाहीत. तेव्हा घरात काय काय औषध चालू आहे ते नीट विचारून चिठ्ठीवर लिहा. रागावून विचारले तर कोणी खरे सांगत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

लघवीतून रक्त गेले तर लोक ‘उष्णता झाली’ म्हणतात. दुखत नाही, दोन दिवसांनी आपोआप थांबते, मग विसरतात. अशा माणसाची सोनोग्राफी झालीच पाहिजे. सिकलसेलचे कार्ड असले तरी. सिकलसेलमध्येही लघवीतून रक्त जाते आणि यकृताचे रिपोर्ट बिघडतात, त्यामुळे सगळे त्याच्याच नावावर खपते. पण सिकलसेलच्या वाहक तरुणांत किडनीचा एक दुर्मीळ आणि फार झपाट्याने वाढणारा कॅन्सर आढळतो. कुशीत गाठ, कुशीत दुखणे, कारणाशिवाय रेंगाळणारा ताप हेही विचारा.

ऑपरेशन झालेल्याचे सगळे रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगा, पावसात झोपडी गळते. सुधारलेल्या चाचण्या पुन्हा बिघडल्या तर गाठ परत आली का हे शोधावे लागते, आणि त्यासाठी डॉक्टरला जुना आकडा हातात लागतो. तपासणीची तारीख भातलावणीत येत असेल तर आधीच बोलून घ्या, नाहीतर तो माणूस येणार नाही.