चित्रकलेच्या तासाला मोबाईल

(हिमायतनगर येथे मुख्याध्यापक, कलाशिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



विद्यार्थ्याच्या खिशातील मोबाईल ही शाळेच्या दृष्टीने आज अपराधाची वस्तू ठरली आहे. मी स्वतः पुष्कळ वर्षे याच मताचा होतो. तासाच्या प्रारंभी वर्गातील फोन पत्र्याच्या पेटीत जमा करावयाचे आणि शाळा सुटताना परत द्यावयाचे, असा माझा शिरस्ता होता. एके दिवशी नववीतील एक विद्यार्थी फोन परत घेऊनही रेंगाळला. आदल्या सायंकाळी चुन्याच्या भिंतीवर पडलेल्या बैलाच्या सावलीचे छायाचित्र त्याने मला दाखविले व म्हणाला, "सर, सावली काळी नाही, निळी दिसायली." सावलीला काळा रंग पातळ करून द्यावा, असेच मी आजवर शिकवीत आलो होतो. पण मुलाचे म्हणणे खरे होते. भिंतीच्या ज्या भागावर ऊन पोहोचत नाही, त्यावर निळ्या आकाशाचा उजेड पडतच असतो. ती पेटी अजून माझ्याजवळ आहे. तीत आता ब्रश ठेवतो.

कॅमेरा आणि कुंचला यांचे वैर आहे असे मानण्याचे कारण नाही. आपला हा मुलूख १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानातील अजिंठ्याचा इतिहास पाहावा. रॉबर्ट गिल याने तेथील भित्तिचित्रांच्या मोठ्या परिश्रमाने केलेल्या तैलरंगातील नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत बहुतांशी जळाल्या. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी नेऊन दशकभराहून अधिक काळ पुन्हा नकला करविल्या. त्यांतील बऱ्याचशा १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. गिल यांनी स्वतःही पुढे कॅमेरा हाती घेतला होता. नंतर हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्याचे ग्रंथ प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी छायाचित्रणाचा आधार घेतला. छायाचित्रांनी अजिंठा जगापुढे नेला. नकला मात्र जळूनही वाया गेल्या नाहीत, कारण त्या करता करता पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या चित्रकाराचा हात तयार झाला होता. छायाचित्राचे काम एक, हाताचे काम दुसरे. वर्गात या दोहोंची गल्लत होते, तेथेच मोबाईलचा उपद्रव सुरू होतो.

ही गल्लत कशी होते हे कलाशिक्षकांना सांगावयास नको. विद्यार्थी तांब्याचे छायाचित्र घेतो, पडद्यावर पातळ कागद ठेवून ते गिरवितो आणि वस्तुचित्र पूर्ण झाले असे समजतो. परंतु फोनचे भिंग फसवे असते. वस्तू फार जवळून टिपली की पुढचा भाग फुगतो, तांब्याचे तोंड वाजवीपेक्षा मोठे होते आणि तळ आक्रसतो. अशा मुलाला दटावण्यापेक्षा तोच तांब्या प्रथम एका हातावरून आणि मग दहा पावलांवरून टिपावयास सांगावा व दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवावीत. गिरविण्याची हौस तेथेच ओसरते.

स्मरणचित्रासाठी तर फोनसारखा परीक्षक नाही. विद्यार्थ्याने बाजाराचे अथवा महाशिवरात्रीला श्री परमेश्वराच्या यात्रेतील दुकानांचे एक छायाचित्र घ्यावे आणि फोन बंद करून ठेवावा. दोन दिवसांनी वर्गात आठवेल ते काढावे व त्यानंतरच छायाचित्र उघडून पाहावे. काय सुटले, काय नसतानाही काढले, याची नोंद त्यानेच कागदामागे करावी. शिक्षकाने लाल शाई काढण्याची गरज उरत नाही.

छायाप्रकाश शिकविताना आपण मुलांना डोळे बारीक करून पाहावयास सांगतो, आणि मुले नुसतेच डोळे बारीक करतात. फोनमध्ये रंगीत छायाचित्र कृष्णधवल करता येते. लाल मिरचीचा ढीग आणि त्याशेजारी हिरवी पालेभाजी टिपून ते कृष्णधवल करावे. डोळ्यांना इतके भिन्न वाटणारे रंग कित्येकदा जवळजवळ एकाच करड्या छटेचे निघतात. रंगाचा भेद आणि उजेडाचा भेद या दोन गोष्टी आहेत, हे सांगण्यास माझे कित्येक तास खर्ची पडत.

येथून जवळच पैनगंगेवर सहस्रकुंड आहे. पडणारे पाणी कसे रंगवावे हा प्रश्न मुले दरवर्षी विचारतात. साध्या छायाचित्रात पाणी गोठल्यासारखे दिसते. मंदगतीच्या चित्रणात त्याच्या धारा तुटताना, थेंब सुटताना दिसतात. दोन्ही पाहून झाल्यावर विद्यार्थ्याने कागदावर काय घ्यावयाचे ते स्वतः ठरवावे. एवढे मात्र पाहावे की चित्रण सुरक्षित अंतरावरून, शिक्षकाच्या देखत होईल. कड्यावर उभे राहून स्वतःचे छायाचित्र घेण्याचा मोह मुलांनाच होतो असे नाही.

संकल्पचित्रासाठी दूर जाण्याचे प्रयोजनच नाही. आपल्या तांड्यांवरील वयस्क बंजारा स्त्रियांच्या कांचळीवर व फेटियावर आरशांचे जे भरतकाम असते, त्यातील एक आकृती जवळून टिपावी आणि ती कोठे उलटते, कोठे पुन्हा येते हे मोठे करून शोधावे. मात्र त्या आजींची अनुमती आधी घ्यावी, आणि पुरे झालेले चित्र त्यांना दाखवावयास न्यावे. कोणाही व्यक्तीचे, विशेषतः वर्गभगिनींचे, छायाचित्र संमतीवाचून घ्यावयाचे नाही आणि वर्गाबाहेर पाठवावयाचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावा. या बाबतीत एकदाही डोळेझाक करू नये.

आता अडचणीची गोष्ट. ग्रामीण भारताच्या २०२४ च्या 'असर' पाहणीनुसार १४ ते १६ वर्षांच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. पण असा फोन वापरू शकणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन मुलांत सुमारे ३६ टक्क्यांकडे, तर मुलींत सुमारे २७ टक्क्यांकडेच आहे. घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर शेतात गेलेला असतो. म्हणून "प्रत्येकाने फोन आणावा" असा आदेश काढणे अन्यायाचे होईल. पाच-सहा विद्यार्थ्यांत एक फोन पुरतो. तो गटातील मुलींच्या हाती आधी द्यावा. नाही तर मुले टिपतात आणि मुली पाहत राहतात, हे मी पाहिले आहे. ज्या गटात फोन नाही त्याला शिक्षकाने आपला द्यावा, अथवा पुठ्ठ्यात चौकोनी खिडकी कापून तीतून पाहावयास लावावे. चौकट निवडण्याचा धडा पुठ्ठाही देतो.

मुख्याध्यापकांकडे एक मागणे आहे. शाळेत फोनला मज्जाव असताना कलाशिक्षकाने तो वापरू दिला आणि काही अनुचित घडले, तर दोष एकट्या शिक्षकावर येतो. या भीतीपोटी पुष्कळजण हा मार्गच सोडून देतात. महिन्यातील दोन तास ठरवून, पालकांना कळवून, लेखी अनुमती द्यावी. बाकीच्या वेळी फोन बंद. पंचायत सदस्यांनी या दोन तासांपैकी एकाला येऊन मागच्या बाकावर बसावे. जमल्यास आपलाही फोन एखाद्या गटाला तेवढ्यापुरता द्यावा.