जंगलाचे वेळापत्रक आणि शाळेचे वेळापत्रक

(वसतिगृह अधीक्षक व युवा कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



मला ‘मुलांसाठी निसर्ग शिबिरे’ हा विषय दिला आहे. शिबिर म्हटले की तंबू, दोरखंड, शेकोटी डोळ्यांसमोर येते. त्यात वाईट काही नाही. पण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून आलेल्या वारली, कोकणा, कातकरी मुलांना डोंगर चढायला आपण काय शिकवणार? 2018 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. पायांत बळ आहेच. हरवते आहे ते वेगळेच.

जरा महिने मोजून पाहा. पहिल्या पावसात शेवळे निघतात, तेव्हा मुले पेटी उचलून वसतिगृहाकडे निघालेली असतात. करटोली आणि बांबूचे कोंब येतात, तेव्हा चाचणी परीक्षा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले गळतात, तेव्हा वार्षिक परीक्षा. पहिलीला आलेले मूल दहावी होईपर्यंत जंगलाचे दहा हंगाम चुकवते. पुस्तकाचे नाव ‘परिसर अभ्यास’, आणि परिसर मात्र सुट्टीपुरता.

शेवळाचीच गोष्ट घ्या. नुसते शिजवले तर घसा खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून आपल्या आया-आज्या त्यात काकडाची आंबट फळे घालतात. हे आजीला ठाऊक आहे आणि स्फटिक म्हणजे काय ते शिक्षकांना ठाऊक आहे. दोघांना एका चुलीपाशी बसवा, म्हणजे विज्ञानाचा तास झाला. मोहाचेही तसेच. फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, कधी तो वणवा होतो आणि कोवळी रोपे जळतात. झाडाखाली झाडून घेतले किंवा जाळी अंथरली तर फुलेही स्वच्छ मिळतात. हे भिंतीवरच्या घोषणेने कळत नाही. पहाटे झाडाखाली उभे राहिल्यावर कळते.

कोणी म्हणेल, मुलांनी पुढे जायचे की मागे? मी म्हणते, पुढे जाण्यासाठीच हे हवे. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्क दिला आणि जंगल राखण्याची जबाबदारीही दिली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये असा हक्क मिळाला. हक्क मिळाल्यावर जंगलाची नोंद करावी लागते, नकाशा वाचावा लागतो, आराखडा लिहावा लागतो. झाड ओळखणारी आजी लिहू शकत नाही आणि लिहिणाऱ्या नातीला झाड ओळखता येत नसेल, तर आराखडा बाहेरचाच कोणी लिहील. गावाचे जंगल कागदावर कसे उतरेल, हे या मुलांवर ठरणार आहे.

म्हणून प्रत्येक वसतिगृहाने वर्षातून तीन शिवारफेऱ्या ठरवाव्यात: पावसाळ्यात रानभाज्यांची, भात कापणीच्या वेळी बियाण्यांची आणि मार्चमध्ये मोहाची, परीक्षेच्या आधी एखाद्या रविवारी. पाड्यावरच्या जाणत्या बाईला किंवा बाबांना गुरुजी म्हणून बोलवा आणि पाहुण्या वक्त्याला देतो तेच मानधन त्यांनाही द्या. वहीत झाडाचे नाव आधी मुलाच्या बोलीत, मग मराठीत लिहू द्या. जाणत्याने हो म्हटल्याशिवाय कोणीही काही तोंडात घालायचे नाही. पावसात ओढा ओलांडायचा नाही. मुलींबरोबर महिला कार्यकर्ती हवीच. साप चावला तर मंत्र-उतारा नाही, थेट दवाखाना. तो किती अंतरावर आहे, हे निघण्याआधी पाहून ठेवा.

याला मोठा खर्च नाही. येत्या जूनचे वेळापत्रक भिंतीवर लावाल, तेव्हा त्यात हे तीन दिवस आधी लिहा आणि मग बाकीचे भरा. एवढीच विनंती.