‘राब’ म्हणजे काय?



अठरा वर्षांपूर्वी आमच्या त्रैमासिकाकडे सुरगाणा तालुक्यातून एक पाकीट आलं. आत फुलस्केपचे चार कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले. अकरावीतल्या एका कोकणा मुलीने आपल्या आईविषयी लिहिलं होतं. लेख चांगला होता, म्हणून मी तो लगेच घेतला. आणि चांगला होता, म्हणूनच तो ‘नीट’ करायला बसलो. ‘नागली’ची नाचणी केली, ‘आवणी’ची लावणी केली. ‘आईने राब भाजला’ असं एक वाक्य होतं. राब म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं. मी ते खोडलं आणि लिहिलं, ‘आईने पालापाचोळा जाळला.’

अंक गेला. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. ‘सर, माझी आई कचरा जाळत नव्हती.’ खाली सही. बाकी काही नाही.

त्या कार्डाने मला संपादन शिकवलं, म्हणून आज तिथूनच सुरुवात केली. वेगवेगळ्या समाजांतल्या, वेगवेगळ्या बोली बोलणाऱ्या मुलामुलींचं नियतकालिक चालवायचं तर पैसे लागतात, वर्गणीदार लागतात, दिवाळी अंकाच्या जाहिराती मिळवाव्या लागतात. ते सगळं कसंबसं जमतं. जमत नाही ते एवढंच, की न कळलेल्या शब्दापाशी थांबून लिहिणाऱ्याला विचारावं, ‘हे काय आहे, मला सांगशील?’

शब्दाचा अर्थ विचारल्याच्या दोन गोष्टी सांगतो. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला, त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तेंडुलकर तेव्हा नाणावलेले नाटककार होते, ढसाळ विशीतले. तेंडुलकरांना त्या कवितांमधले कितीतरी शब्द कळले नाहीत. त्यांनी ते ढसाळांना विचारले, रात्री त्यांच्याबरोबर मुंबईतला गोलपिठ्याचा सगळा भाग पायाखाली घातला, आणि आपल्याला काय काय कळलं नव्हतं ते प्रस्तावनेत उघडपणे सांगितलं. वयाने आणि नावाने मोठा असलेला लेखक तरुणाकडे अर्थ विचारायला जातो, हे मला त्या प्रस्तावनेतलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

दुसरी गोष्ट बंगालमधली. लेखिका महाश्वेतादेवींनी वडिलांच्या, मनीष घटकांच्या, मागे ‘बर्तिका’ हे नियतकालिक चालवायला घेतलं आणि शेतमजूर, कारखान्यातले कामगार, रिक्षावाले यांच्या हाती दिलं. एकदा जादवपूरला त्या एका सायकलरिक्षात बसल्या. रिक्षावाला तुरुंगात असताना अक्षरं शिकला होता आणि मिळेल ते वाचत होता. त्याने त्यांना एका शब्दाचा अर्थ विचारला, ‘जिजीविषा’. जगण्याची इच्छा, असं सांगून त्यांनी त्यालाच ‘बर्तिका’साठी लिहायला सांगितलं. तो रिक्षावाला म्हणजे मनोरंजन ब्यापारी, आजचे नामवंत बंगाली लेखक. आपल्या प्रवाशाचं नावही तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे हे काम गंगाधर पानतावणे यांनी केलं. औरंगाबादहून त्यांनी ‘अस्मितादर्श’ सुरू केलं ते १९६०च्या दशकाच्या अखेरीस, आणि जवळजवळ पन्नास वर्षं चालवलं. २०१८ साली ते गेले. किती दलित लेखकांचं पहिलं लिखाण या त्रैमासिकात आलं! त्यांनी लेखक-वाचक मेळावेही भरवले. मेळाव्याचं महत्त्व बाहेरून कळत नाही. घरात पुस्तक नाही, गावात लिहिणारं दुसरं कुणी नाही, अशा मुलाला आपल्यासारखा दुसरा लिहिणारा तिथे पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटतो. छापून येण्याइतकंच ते मोठं असतं.

आणखी एक चूक आम्ही बरीच वर्षं केली. पारध्याच्या मुलाकडे आम्ही पोलिसांचा जाच मागायचो, कोरकू मुलीकडे मेळघाटातली भूक, बंजारा मुलाकडे तांडा. त्यांच्यातल्या एखाद्याने वर्गातल्या मुलीवर कविता पाठवली की आम्हाला वाटायचं, हा आपलं सोडून भलतंच लिहितोय. आपलं कुठलं, हे ठरवणारे आम्ही कोण? दुःखाची मागणी नोंदवायची आणि तेवढंच छापायचं, हा अन्याय आहे. तो मी केला आहे. आता विषय देऊन लेख मागवणं आम्ही बंद केलंय.

लोक विचारतात, वाचकाला कळलं नाही तर? पुण्याच्या वाचकाला ‘राब’ कळत नाही, तसा सुरगाण्याच्या वाचकाला ‘दिवाणखाना’ही आधी कळला नव्हता. त्याने तो वाचता वाचता समजून घेतला. तेवढे कष्ट दोन्हीकडून व्हायला हवेत.

त्या पोस्टकार्डानंतर सुरगाण्याच्या त्या मुलीला मी पत्र लिहिलं. चूक कबूल केली आणि विचारलं, राब म्हणजे काय? दोन पानी उत्तर आलं. भाताचं, नागलीचं रोप जिथे करायचं, त्या तुकड्यावर शेण, डहाळ्या, पाला आणि गवत यांचे थर द्यायचे आणि पावसाच्या आधी पेटवायचे. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. डोंगरातून डहाळ्यांचे भारे डोक्यावर आणायला आईला महिना लागायचा. पुढच्या अंकात आम्ही तिचा मूळ लेख पुन्हा छापला, एक अक्षर न बदलता, आणि सोबत ही दोन पानं.

मग आणखी एक कार्ड आलं. ‘सर, आईला वाचता येत नाही, मी अंक वाचून दाखवला. आई म्हणाली, वरून माती घालायचं लिहिलंच नाहीस. माती नसली तर जाळ भडकतो, जमीन भाजत नाही.’

त्याच्या पुढच्या अंकात पहिल्या पानावर आम्ही ती दुरुस्ती छापली, आईच्या नावाने.