चमकणारी अक्षरं आणि मामाचा रिपोर्ट
(मासिक सभेतील भाषण)



मी नोकरीत नेमकं काय करते, असं आईनं एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, "डीएनएला रंग लावते." ती म्हणाली, "त्यासाठी अमेरिकेला जायची काय गरज होती?" तिचं उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आज तुमच्यासमोर देते.

सुरुवात मामापासून करावी लागेल. मामा लालबागच्या चाळीत राहायचा, गिरणी कामगार. १९९७ साली त्याला क्षय झाला. थुंकीत जंतू दिसले, गोळ्या सुरू झाल्या. पाच महिने त्यानं त्या नेमानं घेतल्या, तरी खोकला हटेना. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतो, पण तो कोणत्या औषधाला दाद देत नाही हे दिसत नाही. त्यासाठी जंतू वाढवून पाहावे लागत आणि त्यात दोन-अडीच महिने जात. रिफाम्पिसिन लागू पडत नाही असा रिपोर्ट आला, तेव्हा मामा गेला होता.

आता माझं काम. डीएनएची अक्षरं चार. प्रयोगशाळेत त्यांची माळ यंत्रावर ओवतात, एकेक मणी जोडत. ही पद्धत कोलोरॅडोत मार्विन कॅरुथर्स यांनी १९८०च्या सुमारास बसवली. नको तिथे जोड होऊ नये म्हणून मण्यांवर रासायनिक टोप्या चढवलेल्या असतात. आम्ही एखाद्या मण्याला लवचिक दांडी लावून तिच्या टोकाला चमकणारं रंगद्रव्य बसवतो. सर्वांत जुनं म्हणजे फ्लुओरेसीन, १८७१ साली अ‍ॅडॉल्फ बायर यांनी बनवलेलं. डोळ्यांचे डॉक्टर नारिंगी थेंब घालून निळ्या दिव्यात बघतात ना, तेच हे.

ऐकायला सोपं वाटतं. पण माळ पूर्ण झाली की टोप्या अमोनियात काढाव्या लागतात आणि बरीच रंगद्रव्यं तिथेच मान टाकतात. मग ती माळ तयार झाल्यावर वेगळी चिकटवायची. फ्लुओरेसीन टिकतं, पण त्याच्या स्वतःच्या अंगावरही टोप्या चढवाव्या लागतात. पाण्याचा अंश लागला की मणी वाया जातो. माझी उमेदीची कितीतरी वर्षं ओलावा हाकलण्यात गेली. मुंबईत वाढलेल्या मुलीच्या नशिबी हे यावं!

या रंगीत मण्यांचा मला सर्वांत आवडणारा उपयोग १९९६ साली संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी प्रसिद्ध केला. तेव्हा न्यूयॉर्कला असलेली त्यांची पब्लिक हेल्थ रीसर्च इन्स्टिट्यूट आता नेवार्कला आहे. आपल्यातले कितीजण रोज तिथून गाडी बदलतात! त्यांनी केसाच्या आकड्यासारखी दुमडलेली माळ केली. एका टोकाला रंग, दुसऱ्या टोकाला प्रकाश गिळणारा रेणू. आकडा मिटलेला असताना दोघे शेजारी असतात, म्हणून अंधार. मधल्या भागाला आपली जोडीदार अक्षरं सापडली की माळ त्यांना बिलगून ताठ होते, टोकं दूर जातात आणि उजेड पडतो. एक अक्षर जरी चुकलं तरी ती बिलगत नाही.

क्षयाच्या जंतूत एका जनुकाचा ८१ अक्षरांचा एक तुकडा आहे. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या बहुतेक जंतूंमधला बिघाड याच तुकड्यात सापडतो. त्यावर पाच रंगांचे पाच आकडे बसवले. पाचही उजळले तर क्षय आहे आणि औषध चालेल. एखादा विझलेला राहिला तर क्षय आहे, पण हे औषध नको. वेळ दोन तासांच्या आत. हीच जीनएक्स्पर्ट तपासणी, आपल्या सरकारी दवाखान्यात जिला सीबीनॅट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं तिला डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. २०१७ मध्ये आलेल्या अल्ट्रा आवृत्तीत वाचायची रीत बदलली, पण चमकणारे मणी आहेतच.

आता पैशाचं बोलते, कारण आपल्या सभेत तो विषय निघाल्याशिवाय चहा येत नाही. एका कार्ट्रिजची किंमत गरीब देशांसाठी २०१२ साली ९.९८ डॉलरवर आणली गेली. २०२३ पर्यंत, म्हणजे तब्बल अकरा वर्षं, ती तिथेच राहिली. मग ७.९७ झाली. 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स'चं म्हणणं, पाच डॉलरला परवडू शकतं. या तंत्राच्या विकासात २५ कोटी डॉलरच्या आसपास सार्वजनिक पैसा गेल्याचा अंदाज आहे. त्यात आपला करही आला. एवढं करून, ज्या देशात जगातले एक चतुर्थांश क्षयरुग्ण आहेत, तिथल्या तालुक्याच्या दवाखान्यात कार्ट्रिज नसेल तर बाईंच्या हातात तोच जुना सूक्ष्मदर्शक.

कंपनीनं नफा घेऊच नये असं मी म्हणत नाही. माझाही पगार तिथूनच येतो. पण कर भरणाऱ्यांनी हिशेब मागितलेला मला दिसत नाही, आणि त्यात मीही आले.

गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालतं. वीज जाणाऱ्या गावातही हाच तपास करता येतो. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्यालाही मान्यता दिली. आईला आता मी हे सांगते. ती विचारते, "मग ते लालबागला मिळतं का?" मिळतं, असं म्हणते. ती पुढे काही विचारत नाही, आणि मामाचा फोटो पुसायला लागते.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. प्रश्न असतील तर विचारा.