नदीची नोंदवही



राकसकोपला अडवलेली मार्कंडेय पुढे आपल्या कडोली भागातून वाहत घटप्रभेला मिळते. तिला पाणी किती, हे आपण अंदाजानेच सांगतो. अंदाज दरबारी चालत नाही.

खानापूरच्या कळसा-भांडुरा नाल्यांचे उदाहरण घ्या. १४ ऑगस्ट २०१८ रोजी म्हादई लवादाने त्यांतून मलप्रभेत वळवण्यासाठी कर्नाटकाला ३.९ टीएमसी पाणी दिले. तिथे घोषणा नव्हे, प्रवाहाचे आकडे तपासले गेले.

काम अवघड नाही. पुलाच्या खांबावर सेंटीमीटरची पट्टी रंगवून रोज सकाळी पातळी लिहावी. लाकडाचा तुकडा १० मीटर किती सेकंदांत वाहतो ते काठावरून पाहावे. त्या वेगाला ०.८५ ने, मग पात्राची रुंदी आणि सरासरी खोली यांनी गुणले की प्रवाहाचा अंदाजे आकडा मिळतो. महिन्याला एक नमुना प्रयोगशाळेत द्यावा. आंघोळीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम हवा.

सीमालढ्यासाठी आपण जुने उतारे, जनगणनेचे आकडे जपले. तशीच नदीची वही जपूया. तारीख, वेळ आणि सही असलेली नोंदच उद्या आपल्या बाजूने बोलेल.

जय महाराष्ट्र!